सूनबाईंचा कॉम्प्युटर

सोमवार, ३ तारीख

आज सूनबाईंचा फोन आला आणि माझा ऑर्डरचा केक करपला. फोन मला नव्हताच, चिरंजीवांना होता. पण आमच्या घराच्या भिंती पातळ आणि माझे कान तिखट, त्यामुळे एकीकडे ओव्हन, दुसरीकडे फोन, आणि व्हायचं तेच झालं.

तिला तिचा कॉम्प्युटर हवाय. तो टेबलाखाली ठेवतात तसला मोठा डबा. चार महिन्यांपूर्वी ती नोकरीसाठी त्या लांबच्या शहरात गेली तेव्हा "सहा महिन्यांचा तर प्रश्न आहे, आई" म्हणून इथेच ठेवून गेली होती. आता तिला बाहेरचं एक मोठं काम मिळालंय. लहान मुलांच्या सिनेमातली चित्रं हलती-बोलती करायची आणि महिनाअखेरीस द्यायची. तिकडचं भाड्याचं मशीन चित्र हलायच्या आधी स्वतःच मान टाकतं म्हणे. हे काम हातचं गेलं तर पुन्हा असलं मिळायचं नाही.

चिरंजीव म्हणाले, "पाठवतो कुणाकडून तरी."

कुणाकडून तरी! बायकोचं मशीन आहे की रद्दी? मागे आमचा फ्रिज असाच कुणाकडून तरी आला होता. त्याच्या दाराला अजून पोचा आहे, पाहुणे आले की मी त्यावर टॉवेल लटकवते.

जेवताना विचारलं, "तू स्वतः का नाही घेऊन जात?"

"सुट्टी नाही."

"दोन दिवसांची पण नाही?"

"आई, नाही म्हटलं ना."

"मग मी जाते," म्हटलं. वाटलं, हसेल, निदान "तू? विमानाने?" असं तरी म्हणेल. तर "जा" म्हणाला आणि ताटात बघत बसला. बायको चार महिने दिसलेली नाही आणि स्वारीला भेटायची हौस नाही. काय बोलायचं!

मी जन्मात एकटी विमानात बसलेली नाही. हे होते तेव्हा एकदा गेलो होतो, तेव्हा सगळा वेळ यांचा हात धरून डोळे मिटले होते. पण आता माघार घेतली तर माझी अब्रू काय राहिली? जीभ आहे की कात्री, आधी चालते आणि मग मला कळतं.

बुधवार, ५

विमान कंपनीला फोन केला. कॉम्प्युटर सामानात देता येतो का? येतो म्हणाली. "नाजूक" अशी चिठ्ठी लावतात. फुटला तर? तर जबाबदारी आमची नाही. "मग ती चिठ्ठी काय शोभेला लावता?" असं विचारलं तर म्हणाली, मॅडम, आणखी काही मदत करू का? आणखी म्हणे. आधीची कुठे केली होतीस, बाई?

मग कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याला बोलावलं. हा मला काकू म्हणतो आणि केकचे उरलेसुरले तुकडे चापतो, तेव्हा आज वसुली. त्याने डब्याच्या बाजूची काच काढून आतलं दाखवलं. आत एक भलंमोठं कार्ड आडवं लटकलेलं, विटेएवढं जड. सूनबाईंची सगळी चित्रं त्याच्या जिवावर पळतात.

"काकू, हे असंच नेलंत तर एका आदळण्यात ते ज्या पाटीत खोचलंय ती चिरेल, मग मशीनच गेलं. कार्ड काढा, डिस्क काढा, दोन्ही हातातल्या पिशवीत ठेवा. काच कपड्यांत गुंडाळा, तिच्या जागी पुठ्ठा लावा. हा मोठा पंखा मात्र राहू दे, तो घट्ट आहे."

मला एकदम पटलं. आमच्या धंद्यात हेच तर असतं. उंच केक कुणी जोडून नेतं का? मजले वेगळे, फुलं वेगळी, जागेवर जाऊन रचायचं. आणि खोक्यात पोकळी ठेवायची नाही. पोकळी राहिली की माल हलणार, माल हलला की ऑर्डरवाल्याच्या दारात आपली शोभा. हे सगळं त्याला समजावून सांगितलं. "अगदी बरोबर, काकू," म्हणाला, पण डोळे ओव्हनकडे होते.

मूळ खोका माळ्यावर सापडला. त्यात मी केकचे साचे ठेवले होते. साचे आता जमिनीवर आलेत आणि मी दिवसभर त्यांना अडखळते आहे.

शुक्रवार, ७

आज जे ऐकलं त्याने डोकं भणभणतंय. क्रीम फेटता फेटता फाटलं, तरी मी आपली फेटतेच आहे.

दुपारी चिरंजीव गॅलरीत फोनवर बोलत होते. "हळूहळू सगळंच तिकडे जाऊ दे. कपाटसुद्धा. हो, आईला मी सांगेन. नाही गं, अजून नाही. एकदम सांगितलं तर ती खचेल."

घ्या! म्हणजे असा बेत आहे तर. आधी ती गेली, आता कॉम्प्युटर, मग कपाट, मग कपाटामागून चिरंजीव. आणि मी इथे ओव्हनशी गप्पा मारत बसायचं. गंमत बघा, पहिलं सामान माझ्याच हातांनी जाणार. वर मीच मोठ्या तोंडाने "मी जाते" म्हटलं. माझाच पाय आणि माझीच कुऱ्हाड.

आता सगळं जुळतंय. म्हणून तर हा कधीचा हॉलमध्ये सोफ्यावर झोपतो. खोलीतली आवराआवर चालली असणार. म्हणून कपाटाची तिची बाजू रिकामी. म्हणून परवा म्हणाला, "आई, हे घर आता फार मोठं वाटतं गं." मी म्हटलं, मोठं वाटत असेल तर झाडू घे हातात. मला काय ठाऊक, विकायचा विचार चाललाय!

रागाचं काही नाही, राग उतरतो माझा. पण भीती वाटते. ती गेल्यापासून संध्याकाळी मी उगाच दाराकडे बघते. हाही गेला तर बघायला तरी कोण यायचं राहील?

रविवार, ९

आज बांधाबांध. चिरंजीव मांडी घालून त्या डब्यापुढे बसले आणि एकेक स्क्रू काढायला लागले. एरवी बल्ब बदलायला सांगितला तर आठवडा घालवणारा माणूस! वायरींचे फोटो काढले, प्रत्येक वायरीला चिकटपट्टी लावून तिचं ठिकाण लिहिलं. सूनबाईंचा एक जुना रंगाचा ब्रश घेऊन पंख्याच्या पात्यांमधली धूळ झटकली. अर्ध्या तासाचं काम दुपारभर पुरवलं.

डब्याच्या बाजूला एक पिवळा कागद चिकटलेला होता. तिने कधीतरी त्यावर याचंच चित्र काढलेलं, झोपाळू अस्वल, हातात चहाचा कप. त्याने तो कागद हळूच सोडवला. मी म्हटलं, कचऱ्याचा डबा तुझ्या मागेच आहे. "हो," म्हणाला आणि खिशात घातला. आता तो कागद धुण्यात जाणार आणि सगळ्या कपड्यांना त्याचा लगदा लागणार. कितीदा सांगितलं, खिसे रिकामे करून कपडे टाकत जा. पालथ्या घड्यावर पाणी.

ओठांवर आलं होतं की, सरळ विचारावं, "कधी निघताय तुम्ही साहेब?" गिळलं.

माझं ठरलंय. त्याला काही विचारायचं नाही. जाऊन तिच्याशीच बोलायचं. मोठेपणाने. "अगं, मला सगळं समजलंय. तुम्ही दोघं तिकडे सुखाने राहा. मी समर्थ आहे." हे आज साचे घासताना कितीतरी वेळा म्हणून पाहिलं. दरवेळी "समर्थ"पाशी अडते. मग शब्द बदलला. "मी ठीक आहे." हे जमतंय.

सोमवार, १०

सूनबाईंचा फोन, या वेळी मला. "आई, तुम्ही कशाला एवढी दगदग करताय? त्याने तुम्हाला काही सांगितलं नाही का?"

"काय सांगायचं होतं?"

मग म्हणे, "नाही, वजनाचं. फार जड आहे ना तो."

लबाड! खोटं बोलायची सवय नाही पोरीला, लगेच कळतं. मग म्हणाली, जमलं तर खालच्या खणातली माझी प्रमाणपत्रं आणि जाड कोट पण आणाल का? आणते म्हटलं. जाड कोट म्हणजे पुढची थंडीही तिकडेच. मी काही बोलले नाही. मला न बोलता राहता येतं हे मलाच नवीन आहे.

मंगळवार, ११

विमानतळावर बसून लिहितेय. पिशवी मांडीवर, मांडी सुन्न.

सकाळी चिरंजीव आंघोळीला गेले तेव्हा मी एक काम केलं. डब्याचा पुठ्ठा उचकटून आत पाहिलं, तर कार्ड काढलेल्या जागी ही एवढी पोकळी! माझ्या जिवाला ते बघवेना. केकच्या खोक्यांत कोपऱ्यांना लावते तो नवा स्पंज घरात होताच. त्याचे तुकडे कापले आणि जिथे जिथे बोट जाईल तिथे तिथे दाबून बसवले. पंख्याच्या मागेसुद्धा. आता डोंगरावरून गडगडत गेला तरी आत काही हलायचं नाही. चिरंजीवांना सांगितलं नाही, नाहीतर तासभर व्याख्यान ऐकावं लागलं असतं.

तपासणीच्या पट्ट्यावर पिशवी अडली. अधिकारी बाईंनी चंदेरी पिशवीतलं कार्ड बाहेर काढलं. "हे काय आहे?"

"सुनेच्या कॉम्प्युटरचं कार्ड. हळू हो, बाई. तुम्हाला सासू असेल तर समजून घ्या, हे फुटलं तर मला तोंड दाखवता यायचं नाही."

ती हसली आणि म्हणाली, सासूच असली काळजी करते हे पहिल्यांदाच ऐकते. मग कार्ड तिने स्वतःच्या हातांनी परत ठेवलं. भली बाई.

मोठा खोका मात्र त्याआधीच काळ्या पट्ट्यावरून पडद्याआड गेला होता. जाताना त्याच्याकडे बघून डोळ्यांत पाणी आलं. वेडेपणा, दुसरं काय. चिरंजीव निरोपाला विमानतळाच्या दारापर्यंत आले होते. म्हणाले, "तिला म्हणावं, वायरींवर लिहिलंय सगळं." बस्स. बायकोला द्यायचा निरोप हा असा.

बुधवार, १२

काय काय लिहू? हात थांबत नाही आणि डोकं चालत नाही.

विमानात कार्डाची पिशवी पायाशी ठेवायला लावली, म्हणून मी पाय अधांतरी धरून बसले. उतरले तर खोका पट्ट्यावर उलटा आला, वरच्या बाजूचा बाण जमिनीकडे! सूनबाई घ्यायला आली होती. मला कडकडून मिठी मारली. वाळलीय पोरगी. खोका बघून तिचा चेहरा पडला, पण म्हणाली, "तुम्ही नीट पोचलात ना, मग झालं."

तिची खोली वरच्या मजल्यावर. एक खिडकी, एक टेबल, एक खुर्ची, एक अरुंद पलंग. मी लगेच म्हटलं, "अगं, हा पलंग दोघांना कसा पुरायचा?"

"मला पुरतो, आई."

चहा झाल्यावर तिने मशीन उघडलं. कार्ड बसवलं, डिस्क बसवली. वायरींवरचं त्याचं अक्षर दिसलं तशी एक क्षण थांबली, मग भराभर जोडत गेली. बटण दाबलं. दिवा लागला, घरघर झाली आणि सगळं विझलं. पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तिने दाबलंच नाही, नुसती खुर्चीवर बसली.

"धक्क्याने पाटी गेली असणार," म्हणाली. "आई, महिनाअखेरीस काम द्यायचंय. आगाऊ घेतलेल्या पैशांतच ही खोली घेतलीय मी." आवाज अगदी शांत होता, त्यानेच मला जास्त घाबरवलं.

तेव्हा माझी ट्यूब पेटली. "अगं, तू स्पंज काढलास का?"

"काढला की. का?"

"मी भरलेला, पंख्याच्या मागेसुद्धा. पोकळी होती म्हणून."

तिने वाकून पाहिलं. कार्डाच्या जागचे मोठे तुकडे तिने पुठ्ठ्याबरोबरच उपसले होते, तिला वाटलं दुरुस्तीवाल्याने ठेवलेत. आतले, वायरींखालचे, तिला दिसलेच नव्हते. मग चिमट्याने एकेक काढत गेली. शेवटचा पंख्याच्या पात्यांत जाऊन रुतलेला. पंखा फिरेना, मशीन तापायच्या भीतीने आपोआप बंद होई. तो तुकडा तिने हातात धरला आणि हसायला लागली. "आई, तुम्ही माझ्या कॉम्प्युटरचा केक केलात!" मीही हसले. पोट धरधरून हसलो दोघी. बटण दाबलं, पंखा फिरला, पडद्यावर तिची चित्रं आली. देव पावला.

ती हसतच होती. मग बघते तर हसणं कधीच संपलेलं आणि डोळ्यांतून धारा लागलेल्या. मला वाटलं, ताण सुटला असेल. वाटलं, हीच वेळ आहे. तिचा हात हातात घेतला आणि म्हटलं, "अगं, मला सगळं समजलंय. तुम्ही दोघं इकडे सुखाने राहा. माझी काळजी करू नका, मी ठीक आहे."

तिने डोळे पुसले. मग म्हणाली, "आई, तो येत नाहीये इकडे."

"आज ना उद्या येईल ना."

"नाही येणार. आम्ही वेगळे झालोय. मी निघाले तेव्हाच ठरलं होतं. सहा महिने वगैरे काही नव्हतं, आई. ते तुम्हाला सांगायला."

पहिला विचार जो आला तो लिहून ठेवते, लाज वाटली तरी. मुलगा कुठे जात नाही! आठवडाभर मी दुसरं काय मागत होते? आणि लगेच मला असं रडू फुटलं की, आवरेना. मुलगा राहणार आणि मी रडतेय, तेही या पोरीच्या गळ्यात पडून.

भांडण झालं का, विचारलं. मारलं का, दुसरं कोणी आहे का, सगळं विचारलं. नाही म्हणाली. "भांडणसुद्धा नव्हतं उरलं. घरी आलो की मी तुमच्याशी बोलायचे, तोही तुमच्याशीच बोलायचा. एक दिवस तुम्ही ऑर्डर द्यायला गेला होतात. आम्ही दोघं जेवायला बसलो आणि ताटं संपेपर्यंत एक शब्द नाही."

मला अजून नीट उमगलेलं नाही. आमच्या टेबलावर तर केवढा हशा असायचा.

शुक्रवार, १४

सूनबाई काम करते आणि मी बघते. पडद्यावर एक बदक आहे, ते दिवसभरात एकच पाऊल टाकतं. मी म्हटलं, याच्यापेक्षा माझं पीठ लवकर फुगतं. ती हसली.

मशीन उत्तम चाललंय. चिरंजीवांचा फोन आला. "चालू झालं?"

"झालं."

"बरं." पण फोन ठेवेना. मला सगळं समजलंय हे तिने त्याला कळवलं असणार. मी विचारलं, "जेवलास?" हो म्हणाला. खोटं. मागे भांड्यांचा आवाज नाही, टीव्हीचा नाही, काही नाही.

दुपारी ती कामातून मान न काढता म्हणाली, "आई, राहा ना थोडे दिवस. खाली बेकरी आहे, तिचा मालक चांगला केक करणारं कोणी शोधतोय. मला पण बरं वाटेल." मग घाईने म्हणाली, "मी आपलं सहज म्हटलं हं."

मीही सहजच खाली उतरले. पाय मोकळे करायला. पलीकडे ओव्हनचं दुकान होतं, आत गेले, सहज. छोटे, सुबक ओव्हन असतात इकडे. माझं तिकीट रविवारचं आहे.

रविवार, १६

घरी आले. चिरंजीव विमानतळावर आले होते. दाढी वाढलेली, शर्टाचं बटण चुकलेलं. निघताना सूनबाईने वाकून नमस्कार वगैरे काही केला नाही, फक्त माझी पिशवी सोडेना. ते त्याला सांगितलं नाही.

गाडीत बसल्यावर मी तोंड सोडलं. चार महिने साठवल्यासारखं सोडलं. "मला का नाही सांगितलंस? मी काय दूध पिणारं बाळ आहे? सख्ख्या आईला अंधारात ठेवायचं! वर म्हणे आई खचेल. तुमची आई गल्लीतल्या निम्म्या लग्नांचे केक एकटी उचलते, ती खचेल?"

मला वाटलं, नेहमीसारखा गप्प बसून सोडून देईल. पण त्याने गाडी कडेला घेतली. स्टिअरिंगवर दोन्ही हात तसेच ठेवून, समोर बघत म्हणाला, "तू खचशील म्हणून नाही, आई. ते मी तिला सांगायचो. तुला ती माझ्यापेक्षा जास्त आवडते. मला वाटलं, कळलं की तू पण तिच्याकडे निघून जाशील."

"मूर्ख आहेस," मी म्हटलं. लगेच म्हटलं. पण त्यापुढे एक "नाही जाणार" म्हणायचं होतं, तेवढं काही तोंडून निघेना. कारण शुक्रवारी त्या दुकानात मी नुसते ओव्हन बघितले नव्हते. त्या माणसाला विचारलं होतं, वरच्या मजल्यावर आणून कधी द्याल.